'निव्वळ छायाचित्रण' म्हणजे काय?

मराठी समीक्षेत वास्तववादी लेखनाला नावे ठेवायची असली की एक शेरा वारंवार भेटतो : हे तर निव्वळ छायाचित्रण झाले. स्तुती करायची असली तरी कॅमेराच मदतीला येतो. लेखकाने वास्तव कॅमेऱ्याच्या डोळ्याने टिपले, असे म्हटले जाते. दोन्हींमागचे गृहीत एकच, की कॅमेरा समोरचे जसेच्या तसे उतरवून घेतो, निवड करत नाही. आमच्या मते हे गृहीत तपासून पाहायला हवे. फिल्मचा एखादा उत्तम छोटा कॅमेरा हाताळला, तर ते फार काळ टिकत नाही.

काँटॅक्स टी२ चे उदाहरण घेऊ. १९९० साली आलेला हा जपानी कॅमेरा टायटॅनियमच्या कवचाचा, खिशात मावणारा, कार्ल झाइसच्या ३८ मिलिमीटर भिंगाचा. अंतर तो आपण होऊन जुळवतो, प्रकाश आपण होऊन मोजतो. निव्वळ यंत्र म्हणावे ते हेच. पण शेजारी-शेजारी बसलेल्या दोन माणसांवर तो रोखला, तर त्याचा नेम दोघांमधल्या फटीतून मागच्या भिंतीवर बसतो. भिंत रेखीव येते, माणसे धूसर. मग एकावर रोखून, बटण अर्धे दाबून धरून चौकट हलवावी लागते. महत्त्व कोणाला, हे यंत्राला सांगावे लागते.

आर्वीच्या बाजारातल्या कापसाच्या ढिगांपुढे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे, असे मानून प्रकाशमापक चालतो. भर उन्हातला पांढराशुभ्र कापूस चौकटभर आला की तो प्रकाश कमी करतो आणि कापूस मळकट उतरतो. निगेटिव्हवर छपाईच्या वेळी थोडे सावरता येते, स्लाइडवर तेही नाही. पांढरे पांढरे राहावे यासाठी एक-दीड स्टॉप प्रकाश मुद्दाम वाढवावा लागतो. कापसाचा भाव ठरताना त्याचा रंगही पाहिला जातो. तेव्हा मळकट कापसाचे चित्र ही पिकवणाऱ्याविषयीची खोटी साक्षच होय. 'जसेच्या तसे' दाखवायलाही मागच्या माणसाला कापूस ठाऊक असावा लागतो.

मोबाइलमध्येही असे निर्णय होतात, परंतु ते पुष्कळदा यंत्रणा परस्पर घेते आणि चूक पडद्यावर तत्काळ दिसते. फिल्मवर छत्तीस चौकटी असतात आणि रोल धुऊन येईपर्यंत काहीच दिसत नाही. निर्णय आधी आणि न पाहता घ्यावा लागतो, म्हणून तो निर्णय होता याचा विसर पडत नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यातच याचे थोर उदाहरण आहे. सेवाग्रामला कनु गांधींनी घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स घेतला. तो खिशात मावणारा नव्हे. त्याच्या एका रोलवर बाराच चौकटी. गांधीजींच्या अटी तीन : फ्लॅश नको, पोझ द्यायला सांगायचे नाही, आश्रम खर्च करणार नाही. त्या छायाचित्रांतला संकोच आणि जवळीक या अटींशी जोडूनच समजून घ्यावी लागते. साहित्यात आपण हिलाच शैली म्हणतो.

फिल्ममध्ये काही पावित्र्य आहे, असे आम्हांला म्हणायचे नाही. क्योसेराने काँटॅक्सचा व्यवसाय आटोपता घेत असल्याचे २००५ साली जाहीर केले. आज जुने नग चैनीच्या वस्तूंच्या भावाने विकले जातात आणि बिघडले तर दुरुस्ती दुरापास्त. बंद पडलेल्या पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वेचे चित्र फिल्मवर दाणेदार आले, एवढ्याने ते अर्थपूर्ण ठरत नाही. तो दाणेदारपणाही एक तयार भाषाच आहे, ग्रामीण लेखनातल्या ठरावीक हळहळीसारखी.

तेव्हा एखाद्या कथेवर 'छायाचित्रणात्मक' असा शेरा मारण्यापूर्वी अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. लेखकाने नेम कोणावर धरला? आणि सरासरीच्या विरुद्ध जाऊन काय उजळ ठेवले? उत्तरे सापडली तर त्या शेऱ्याची गरज उरणार नाही; सापडली नाहीत, तर दोष लेखकाचा असेल, कॅमेऱ्याचा नव्हे.