अक्षरपट विझला म्हणून यंत्र भंगारात?

कॉफीचे यंत्र उत्तम चालते. पाणी तापते, दाणे दळले जातात, दूध फेसाळते. केवळ समोरचा अक्षरपट विझलेला असतो. पाणी संपले की चोथ्याचा डबा भरला, हे कळण्याचा मार्ग खुंटतो. दुरुस्तीला दिल्यास पुष्कळदा ठरावीक उत्तर मिळते : सुटा डिस्प्ले येत नाही, संपूर्ण बोर्ड बदलावे लागेल. बोर्डाची किंमत ऐकून ग्राहक नव्या यंत्राकडे वळतो. तळेगाव दाभाडे ते चाकण या उद्योगपट्ट्यातील कार्यालयांत अशी यंत्रे आता नवलाची नाहीत. म्हणूनच हा प्रश्न क्षुल्लक मानू नये.

वास्तविक अनेक जुन्या यंत्रांतील अक्षरपट सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, अगदी सर्वसामान्य असतो. हिताची कंपनीच्या एचडी४४७८० या नियंत्रक चिपची पद्धत जगभर इतकी रुळली की, तिच्याशी जुळणारे पट कितीतरी उत्पादक बनवतात. पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात ते थोडक्या पैशांत मिळतात. मात्र ‘जुळणारा’ म्हणजे जसाच्या तसा नव्हे. वीजदाब ५ व्होल्ट की ३.३, मागच्या दिव्याच्या दोन पिना शेवटी की आरंभी, छिद्रांतील अंतर किती, हे आधी पडताळावे लागते. नवा पट कोरा दिसला तर तो बिघडलाच असे नाही. कित्येकदा अक्षरांचा ठळकपणा ठरवणारा दाब तेवढा जुळवायचा असतो. अर्थात आत २३० व्होल्ट आणि पाणी शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा हे काम जाणकारानेच करावे.

असे जाणकार घडवण्याची परंपरा तळेगावला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे आले. त्या कारखान्याचे खरे उत्पादन बरण्या व चिमण्या नव्हे, तर शिकलेले कारागीर हे होते. विझलेला अक्षरपट तरी काय असतो? दोन काचांत कोंडलेले द्रवस्फटिक! त्याच गावात आज ‘उघडू नका, बदला’ हा मंत्र निमूटपणे ऐकला जावा?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याविषयीचे संकेतस्थळही सुरू केले. पाऊल स्वागतार्हच, पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. विद्युतरेखाटन आणि सुटे भाग देण्याचे बंधन उत्पादकावर यावयास हवे. तोवर निदान या पट्ट्यातील कारखान्यांना एक गोष्ट सहज करता येईल. उपाहारगृहासाठी दहा यंत्रे घेताना खरेदी विभागाने विक्रेत्याला विचारावे : अक्षरपट सुटा मिळेल काय, आणि किती वर्षे? उत्तर लेखी घ्यावे.