यादीत नाव आहे, पण पत्र नाही



एनडीएचा निकाल लागला की शाळेत तीन प्रकारचे चेहरे दिसतात. ज्यांचे नाव नाही ते, ज्यांना जॉइनिंग लेटर आले ते, आणि ज्यांचे नाव गुणवत्ता यादीत आहे पण जागा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत ते. या तिसऱ्या मुलाला घरून फोन आला, "झालं का रे?" की काय सांगावे तेच कळत नाही. आजचे चार शब्द त्याच्यासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी.

लेखी परीक्षेचे ९०० आणि एसएसबीचे ९०० अशा १८०० गुणांवर यूपीएससी क्रम लावते. त्यात वैद्यकीय तपासणीचा निकाल धरलेला नसतो. त्यामुळे वरची काही मुले तिथे गळतात, काही दुसरी वाट धरतात आणि बोलावणे खालच्या क्रमांकापर्यंत येऊ शकते. ते येण्यासाठी ओळख किंवा चिठ्ठी उपयोगी पडत नाही. "वर आपला माणूस आहे" म्हणून पैसे मागणारा फसवतो आहे, हे पालकांनी पक्के समजावे.

मग आपल्या हातात काय उरते? पहिले, कागद. दहावी महाराष्ट्र बोर्डातून करून अकरावीला आमच्याकडे आलेल्या एका मुलाच्या एका गुणपत्रिकेवर आडनाव आधी होते, दुसरीवर शेवटी. ऐन वेळी त्याची जी धावपळ झाली, ती मी पाहिली आहे. जन्मतारीख, नाव, बारावीचा निकाल आजच तपासा आणि मागितलेले दाखले वेळेत पाठवा. वडिलांची बदली होऊन पत्ता बदलला असेल तर तोही लगेच कळवा. फौजी घरांत हे हमखास राहून जाते.

दुसरे, शरीर. तात्पुरते अपात्र ठरवले असेल तर अपिलाची मुदत चुकवू नका. वाढलेले वजन, कानातला मळ अशी कारणे दूर करता येतात. सकाळची पीटी शाळा सुटली म्हणून सुटू नये.

तिसऱ्या गोष्टीवर माझे काही सहकाऱ्यांशी एकमत नाही. ते म्हणतात, कॉलेजात नाव घातले की मन दोन ठिकाणी विभागते. मला उलट वाटते. रिकाम्या घरात रोज फोनकडे पाहणारा मुलगा दोन महिन्यांत खचतो. कॉलेजात प्रवेश घ्या, मात्र पत्र आल्यास मूळ दाखले आणि फी परत कशी मिळेल ते आधीच विचारून ठेवा.

आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज भरा. ती वर्षातून दोनदा होते, पण वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच आहे. पुन्हा एसएसबीला गेलात तर मागची शिफारस जमेस धरत नाहीत, पाटी कोरी असते. पदवीनंतर सीडीएसमधून डेहराडूनचा रस्ता उघडतो, हेही विसरू नका.

पालकांनो, "काय कमी पडलं?" असे त्याला विचारू नका. पाच दिवसांच्या एसएसबीत अधिकाऱ्यांनी त्याला अधिकारी होण्यास योग्य म्हटले आहे. कमी पडल्या त्या जागा. वाट पाहणाऱ्याने फक्त एकच करावे: पत्र आले तर त्याच दिवशी निघता यावे, आणि नाही आले तर वर्ष वाया गेलेले नसावे.