फ्रिज आणि राष्ट्रांचा करार



हैदराबादेतील तारनाका येथे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. गेल्या वर्षी तिच्या फाटकावरून जाताना आम्हांस आमच्या स्वयंपाकघरातील फ्रिजची आठवण झाली. आपण हसाल, पण या दोहोंचा संबंध निकटचा आहे.

पूर्वी फ्रिजमध्ये सीएफसी नावाचा वायू भरीत असत. सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थरास तो झिजवितो, हे उमगल्यावर १९८७ साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. धनवान राष्ट्रांनी आधी हात आवरावा, गरिबांस अधिक मुदत मिळावी आणि बदलाच्या खर्चासाठी सामाईक निधी असावा, असे ठरले. सीएफसीच्या जागी चालणारा एचएफसी-१३४ए हा वायू तयार करण्याची पद्धत तारनाक्याच्या शास्त्रज्ञांनीही सिद्ध केली. आज ओझोनचा थर सावरू लागला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या कराराचा गौरवाने उल्लेख केला.

परंतु एका दुखण्यावरील औषधाने दुसरे दुखणे आणले. हा नवा वायू ओझोनला अपाय करीत नाही. मात्र पृथ्वीला तापविण्यात तो वजनास वजन कर्बवायूच्या हजार पटींहून अधिक प्रबळ आहे. म्हणून राष्ट्रे पुन्हा एकत्र बसली. २०१६ साली किगाली येथे करारात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. त्यानुसार २०३२ पासून आपणांस असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करावयाचे असून, २०४७ पर्यंत त्यांचा वापर ठरविलेल्या पातळीहून ८५ टक्क्यांनी उतरवावयाचा आहे.

घरी परतल्यावर काही दिवसांतच आमचा फ्रिज बिघडला. कारागिराने नळी कापली आणि उरलासुरला गॅस फुस्सकन हवेत गेला. आम्ही शेजारीच उभे होतो. सर्व ठाऊक असून एक शब्दही बोललो नाही. शंभराहून अधिक राष्ट्रांनी जे पाळावयाचे ठरविले, ते आमच्याच स्वयंपाकघरात मोडले.

म्हणून एवढीच विनंती. दुरुस्तीच्या वेळी जुना गॅस टाकीत भरून घेण्याची सोय आहे काय, हे कारागिरास आधी विचारावे. नवा फ्रिज घेताना पाठीमागील पट्टीवर आर-६००ए लिहिले आहे का, ते पाहावे. त्या वायूने पृथ्वी फारच थोडी तापते. पुढच्या खेपेस आम्हीही विचारणार आहोत.