दोन नकारांचा होकार कोणी केला?

१/ इंग्रजीच्या तासाला आपणां सर्वांना एक नियम शिकविला गेला: एका वाक्यात दोन नकार आले की त्यांचा होकार होतो. म्हणून 'आय डोन्ट नो नथिंग' हे अशुद्ध, अडाण्याचे इंग्रजी. हा नियम भाषेच्या स्वभावातून आलेला नाही. तो इतिहासातून आलेला आहे, आणि तो इतिहास सहसा चुकीचा सांगितला जातो. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे नवव्या शतकापासून करू. तेव्हाच्या इंग्रजीत नकारासाठी 'ने' हा छोटासा शब्द क्रियापदाच्या आधी येई. आपल्या संस्कृत 'न'चा हा सख्खा नातलग. दोघांचे मूळ एकच. तो क्रियापदाला चिकटतही असे. 'हब्बन' म्हणजे जवळ असणे, 'नब्बन' म्हणजे जवळ नसणे. मराठीतील 'असणे' आणि 'नसणे' ही जोडी शेजारी ठेवून पाहा! आजच्या 'विली-निली' या शब्दप्रयोगातील 'निली'देखील अशाच एका चिकटलेल्या 'ने'चा अवशेष होय.

३/ परंतु 'ने' उच्चारात फारच दुबळा होता. त्याला बळ यावे म्हणून वाक्यात पुढे आणखी एक शब्द येऊ लागला. त्याचा मूळ अर्थ 'कोणतीही वस्तू नाही'. झिजत झिजत तोच 'नॉट' झाला. चौदाव्या शतकाच्या आसपास 'ने' आणि 'नॉट' जोडीने नांदत होते. पुढे 'ने' गळून पडला आणि मदतनीसच मालक झाला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली नकारावरील आपल्या ग्रंथात हा क्रम मांडला, म्हणून आज त्याला 'येस्पर्सनचे चक्र' म्हणतात. फ्रेंचमध्येही हेच घडले. तेथे मदतीला आलेला शब्द होता 'पा', म्हणजे पाऊल. आज बोलीभाषेतील फ्रेंच माणूस मूळचा 'न' टाकून देतो आणि केवळ 'पावला'ने नकार देतो.

४/ या साऱ्या काळात एका वाक्यात दोन, तीन, चार नकार येणे सर्वमान्य होते. चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये सरदाराच्या सभ्यतेचे वर्णन करताना एकाच वाक्यात चार नकार योजले आहेत. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट'मधील व्हायोला सलग तीन नकार उच्चारते. त्यातून होकार होतो असे कोणाही प्रेक्षकाला वाटले नाही. नकारावर नकार चढला की तो अधिक ठाम होई, इतकेच.

५/ मग बिघडले कोठे? यावर ठरलेले उत्तर असते: रॉबर्ट लाउथ. ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक राहिलेला, हिब्रू काव्याचा पंडित, पुढे लंडनचा बिशप. त्याचे इंग्रजी व्याकरण १७६२ साली निघाले आणि दोन नकार एकमेकांना नष्ट करतात हा नियम त्याच्या पुढच्या आवृत्तीत आला. गोष्ट रंगतदार आहे: एका पाद्र्याने लॅटिनचे जोखड इंग्रजीच्या मानेवर ठेवले! समाजमाध्यमांवर ती सतत फिरत असते.

६/ मला ही गोष्ट मान्य नाही. जेम्स ग्रीनवुडच्या १७११ सालच्या व्याकरणात हा नियम आधीच आढळतो. त्याहून महत्त्वाचा पुरावा पत्रांचा. हेलसिंकी येथील अभ्यासकांनी पंधराव्या ते सतराव्या शतकांतील इंग्रजी पत्रव्यवहाराचा मोठा संग्रह तपासला. लाउथच्या जन्मापूर्वीच दरबाराशी संबंध असलेले आणि लेखणीवर पोट भरणारे शिकलेले पुरुष बहुनकार टाळू लागले होते. समाजाच्या खालच्या थरांत आणि स्त्रियांच्या पत्रांत तो अधिक काळ टिकला. म्हणजे आधी सवय बदलली, ती वरच्या वर्गाची खूण बनली, आणि मग व्याकरणकाराने त्या खुणेला तर्काचा अंगरखा चढविला.

७/ लाउथला मी दोषमुक्त करीत नाही. 'वरच्या लोकांची रीत' या गोष्टीला 'बुद्धीचा नियम' हे नाव मिळाले, यात त्याचा वाटा मोठा आहे. लिंडली मरे याने त्याच्याकडून भरपूर उचलून १७९५ साली रचलेले व्याकरण तर इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी पोहोचले. रीत मोडणारा फार तर गावंढळ ठरतो. तर्क मोडणारा मंदबुद्धी ठरतो. हा फरक लहान नाही.

८/ त्याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांनी. त्यांच्या घरच्या इंग्रजीत बहुनकार नियमबद्ध आहे, हे विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ आणि १९७२ च्या लेखांत सप्रमाण दाखविले. तरी अशी मुले 'तर्कशून्य बोलतात' असा शिक्का शाळांतून बसत राहिला. १९७९ साली मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथील खटल्यात न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी, मुलांची घरची भाषा लक्षात न घेता त्यांना वाचन शिकविल्याबद्दल तेथील शाळा-प्रशासनाला दोषी धरले. निकाल एका गावापुरता होता, पण गाजला. स्पॅनिश, इटालियन, रशियन या भाषांत बहुनकार राजरोस चालतो. टॉलस्टॉयला तर्क कळत नव्हता असे मात्र कोणी म्हणत नाही.

९/ आपल्याला हा नियम इतक्या सहज पटतो, याचे एक कारण मराठीत आहे. 'कोणीही काहीही बोलले नाही' यात नकार एकच. 'मला ठाऊक नाही असे नाही' म्हटले की होकार. आपल्या भाषेचा हिशेब लाउथशी जुळतो, म्हणून तो वैश्विक तर्क वाटतो.

१०/ शेवटी एक गंमत. विसाव्या शतकात 'आय कुडन्ट केअर लेस', म्हणजे 'मला काडीचीही पर्वा नाही', हा प्रयोग रूढ झाला. अमेरिकेत लवकरच त्यातील 'नॉट' गळाले आणि लोक 'आय कुड केअर लेस' म्हणू लागले. अर्थ तोच! शुद्धतावादी आजही त्यावर चिडतात. नकाराचा शब्द झिजून जातो आणि नकार मात्र मागे उरतो, हे 'ने'च्या बाबतीत या भाषेने एकदा केलेलेच आहे.