बायोप्सीच्या सुईआधी सिकलसेलची चाचणी

यकृताची बायोप्सी म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढणे. बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण यकृत हा रक्ताने भरलेला अवयव, त्यामुळे क्वचित पोटात रक्तस्राव होतो. सिकलसेलच्या रुग्णात हा धोका फार वाढतो. २००३ साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा १४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ५ जणांना गंभीर रक्तस्राव झाला, त्यातले ४ दगावले. सिकलसेलमुळे यकृत अचानक बिघडले असताना अशी बायोप्सी टाळावी, हा त्यातला धडा.

हा धडा आपल्यासाठी आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. विदर्भात हा आजार आदिवासींप्रमाणेच पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आढळतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. मेळघाटात तपासणी झालीच पाहिजे. पण अकोला-अमरावतीच्या आपल्या वस्त्यांनी वाट का पाहावी?

माझे स्पष्ट मत आहे : संमतीपत्रावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. सिकलसेलची चाचणी झाली का? प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली का? फायब्रोस्कॅनने किंवा मानेच्या शिरेतून नमुना घेऊन भागेल का? आणि रक्तस्राव झालाच, तर रक्त व रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोय इथे आहे, की नागपूरला न्यावे लागेल? अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून २५०. हे अंतर आधीच मोजायला हवे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. मनाने बंद करू नका.

बहुतेक रक्तस्राव पहिल्या काही तासांत, जवळजवळ सर्व २४ तासांत कळतो. म्हणून सुट्टीची घाई नको. पोटदुखी वाढणे, नाडी जलद होणे, घाम, चक्कर, अंग पांढरे पडणे दिसले तर लगेच नर्सला बोलवा. घरी असाल तर १०८ लावा. पुढच्या काही दिवसांत काळी शौच किंवा कावीळ झाली, तरी थांबू नका.

१४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मांडवात सिकलसेलची तपासणीही ठेवा. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, रुग्णाचा हक्क आहे.