पीयूसी पास झाली म्हणून काय?


जुन्या डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह पत्र्याची चकती घालून बंद केला, पिकअप सुधारला आणि पीयूसीही पास झाली, हे गेल्या अंकातले पत्र वाचले. पिकअपबद्दल वाद नाही. काजळीने जाम झालेला व्हॉल्व्ह उघडा अडकला की गाडी दम टाकणारच. पण पीयूसीचा दाखला इथे गैरलागू आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून फक्त धुराचा काळेपणा मोजतात. ईजीआरचे काम निराळेच: जळालेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान खाली ठेवायचे, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. ते पीयूसीच्या यंत्राला दिसतच नाहीत. उलट ईजीआर बंद केल्यावर काजळी घटते आणि कागदावर गाडी आधीपेक्षा साफ ठरते! आणि न मोजलेल्या नायट्रोजन ऑक्साइडपासून उन्हात जमिनीलगत ओझोन तयार होतो. त्याचा त्रास दमेकऱ्यांना विचारावा.

व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड खोलून कार्बन काढला, तरी बहुतेक गाड्या पुन्हा पळतात. काम किचकट आहे, म्हणून मेकॅनिक चकतीच सुचवतो.

राहिला त्या पत्रलेखकाचा दुसरा सल्ला, पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापण्याचा. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. कापलेला तुकडा गॅरेजवाल्याने परत दिला का, एवढे त्यांनी कळवावे.

— एक वाचक, सांगली