एकाच्या नकाराने अडलेली सार्क

आमच्या शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नेपाळी वॉचमन घरी पैसे पाठवायला येतात. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये ही सोय केली. शंभर भारतीय रुपयांचे तिकडे एकशे साठ नेपाळी रुपये, हा भाव १९९३ पासूनचा. फॉर्म भरला, शिक्का मारला, काम झाले. दसऱ्याच्या आधी रांग वाढते. शेजारी देशांचे सहकार्य इतके साधे असू शकते. मग सार्कचे घोडे कुठे अडले?

८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात देशांनी सार्क स्थापली, तेव्हा पाकिस्तानात झिया, बांगलादेशात इर्शाद हे लष्करशहा होते, नेपाळ-भूतानात राजे. लोकशाही आली की शेजार आपोआप सुधारेल, असे आम्हाला कॉलेजात असताना वाटे. २००८ मध्ये नेपाळ प्रजासत्ताक झाले, भूतानात निवडणूक झाली. २०१३ मध्ये पाकिस्तानात मुदत पूर्ण केलेल्या निर्वाचित सरकारने दुसऱ्या निर्वाचित सरकारकडे सत्ता दिली. आणि सार्कची शेवटची शिखर परिषद? २०१४, काठमांडू. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली. भारत गेला नाही हे योग्यच झाले.

पण मूळ दुखणे सनदेत आहे. दोन देशांमधले वाद मांडायचे नाहीत आणि प्रत्येक निर्णय एकमताने घ्यायचा. म्हणजे भांडणावर बोलायचे नाही, पण भांडणापायी काम मात्र अडवता येते! २०१४ मध्ये वाहन वाहतुकीचा करार पाकिस्तानच्या नकाराने राहिला. २०१५ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी तसाच करार केला, तर भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये तो नाकारला. बाहेरचे ट्रक आपल्या डोंगरी रस्त्यांना झेपतील का, ही त्यांची काळजी. हा नकार मला मान्य आहे, कारण तो सभागृहात झाला आणि भूतानने उरलेल्या तिघांची वाट अडवली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात गेली, तीही सार्कला न विचारता.

राज्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्याला हे सांगायला नको. शेजाऱ्याशी एका मुद्द्यावर पटले नाही म्हणून आपण पाण्याची पाळी बंद करत नाही.

एकमताचा नियम दिल्लीलाही सोयीचा वाटत आला आहे. बाकीचे एकत्र येऊन आपल्याला कोंडीत पकडतील, ही जुनी भीती. पण निदान व्यापार, वीज आणि वाहतूक यांपुरता तरी तो बदलावा, आणि तसा प्रस्ताव सर्वांत मोठा सभासद म्हणून भारतानेच मांडावा.